विद्यापीठातला आपलेपणा कवितेतून कसा शोधायचा: नवख्या संयोजकांसाठी

विद्यापीठात काम करणाऱ्यांमध्ये ‘तुम्हाला इथं आपलेपणा वाटतो का?’ अशी प्रश्नावली फिरवली की बहुतेक खुणा ‘होय’ आणि ‘बऱ्यापैकी’ यांच्यासमोर येतात. कागदावर विभागाचं नाव असतं, अक्षर ओळखू येतं, आणि कायम होण्याची वाट पाहणारा माणूस ‘अजिबात नाही’च्या चौकोनात खूण करायला जात नाही. कविता लिहायला बसवलं तर तोच माणूस मत देत नाही, वस्तू सांगतो. किल्ली कोणाकडे असते, दारावरच्या पाटीवर कोणाचं नाव आहे, मीटिंग सुरू झाल्यावर बाहेर कोण थांबतं. संशोधनासाठी आणि कामकाज सुधारण्यासाठी कविता वापरायची ती या तपशिलांसाठी.

ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉरेल रिचर्डसन यांनी १९९२ साली एका स्त्रीची मुलाखत तिच्याच शब्दांत कवितेच्या रूपाने मांडली. पुढे १९९७ मध्ये कॉरीन ग्लेस्ने यांनी अशा मांडणीसाठी स्वतःपुरते नियम घालून घेतले: शब्द बोलणाऱ्याचेच हवेत, ते मुलाखतीत कुठूनही उचलता येतील, पण बोलण्याची लय कळेल इतके शब्द एकत्र राहिले पाहिजेत. आपल्याकडे जात्यावर बायकांनी सासर-माहेराबद्दल जे सांगितलं, ते कोणत्याही जनगणनेत सापडणार नाही. तेव्हा ‘कविता हा पुरावा कसा?’ असं कुणी विचारलं तर फार बचाव करत बसू नका.

आधी एक पथ्य: याचं कविसंमेलन होऊ द्यायचं नाही

मराठी माणसाला ‘कविता’ म्हटलं की व्यासपीठ, समई, पुष्पगुच्छ आणि ‘वाहवा’ आठवते. म्हणून २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाला, हा उपक्रम ठेवू नका. त्या दिवशी लोक माय मराठीवर लिहितील, आपल्या टेबलावर लिहिणार नाहीत. वर्धापन दिन आणि निरोप समारंभाच्या आसपासही नको. स्पर्धा नको, परीक्षक नको, पहिलं बक्षीस तर मुळीच नको. मराठी विभागातल्या नावाजलेल्या कवीला मार्गदर्शक म्हणून बोलावण्याचा मोह होईल, तोही आवरा. ते आले की लेखा विभागातला माणूस पेन खाली ठेवतो. (नारायण सुर्वे मुंबईत शाळेत शिपायाची नोकरी करत होते, एवढं एक वाक्य गरज पडली तर सांगावं. त्यांची कविता मात्र सुरुवातीला वाचून दाखवू नये, नाहीतर सगळे सुर्व्यांसारखं लिहू लागतात.)

परवानगी, गट, वेळ

कुलसचिवांच्या नावे साधं पत्र द्या: विषय, कालावधी, किती लोक, कोणती जागा. त्यात दोन गोष्टी स्पष्ट मागा. पहिली, सहभाग ऐच्छिक आहे हे परिपत्रकात लिहिलेलं असावं. ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ असं निघालं तर उपक्रम तिथंच संपला, कारण सक्तीनं आलेला माणूस विद्यापीठाच्या उज्ज्वल परंपरेवर लिहितो. दुसरी, सहभागींचा तो वेळ कर्तव्यकाळ धरला जावा. आउटसोर्सिंगच्या सफाई कर्मचाऱ्याची हजेरी विद्यापीठ नव्हे, कंत्राटदार मांडतो, त्यामुळे त्याच्या पर्यवेक्षकालाही पत्राची प्रत द्यावी लागते. सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना तासिकेचे पैसे मिळतात, सत्राच्या दोन तासांचे मिळत नाहीत. मानधनाची तरतूद असेल तर उत्तम. नसेल तर ज्या दिवशी सत्राला लागून त्यांचा तास असेल तोच दिवस निवडा, निदान प्रवासाचा वेगळा खर्च पडणार नाही. संशोधन प्रकल्प असेल तर संस्थेच्या नीतिविषयक समितीची मान्यता सत्राच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही.

एका गटात ८ ते १० जण पुरेत. १२ च्या वर गेलात तर प्रत्येकाला वाचायला वेळ उरत नाही. गट पाडताना एकच कसोटी लावा: ज्याचा गोपनीय अहवाल जो लिहितो, ते दोघे एका खोलीत नकोत. अधीक्षक आणि त्यांच्या हाताखालचा लिपिक, विभागप्रमुख आणि त्यांच्याच विभागातला सीएचबी, मार्गदर्शक आणि त्यांचा प्रकल्प सहायक, या जोड्या फोडाव्याच लागतात. बाकी सरमिसळ चालते. किंबहुना ग्रंथालयातला परिचर, परीक्षा विभागातली लिपिक आणि भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक एकत्र बसले की एकमेकांना ऐकून जास्त लिहितात.

परीक्षा, निकाल, प्रवेश, नॅकची (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) भेट आणि मार्चअखेर वगळा. म्हणजे वर्षात फारसं काही उरत नाही हे खरं, पण जानेवारीचा बराचसा महिना बहुधा मोकळा सापडतो. वेळ दुपारी २ ते ४. चारनंतर लोकांचं लक्ष बसकडे लागतं. सुरक्षारक्षकांसाठी पाळी बदलण्याच्या वेळेला धरून वेगळं सत्र घ्या.

जागा निवडताना सिनेट सभागृह, कुलगुरूंचा मीटिंग हॉल आणि डायस असलेली कुठलीही खोली टाळा. गोल बसता येईल असा रिकामा वर्ग बरा. दार बंद होतं का आणि पंख्याचा आवाज किती येतो, हे आदल्या दिवशी पाहा. हळू आवाजात वाचणाऱ्याचे शब्द पंखा गिळतो.

आणि चहा. गटात शिपाई असतील तर चहा त्यांच्याकडून द्यायचा नाही. ते सवयीनं उठतीलच, तेव्हा थर्मास आणि कप आधीच मध्ये मांडून ठेवा आणि पहिला कप संयोजकानं स्वतः भरून द्यावा. हे राहून गेलं तर पुढच्या दोन तासांत आपलेपणाबद्दल काहीही विचारलं तरी खोलीला उत्तर आधीच माहीत असतं.

साहित्य

प्रत्येकी ए-फोरचे ४ कोरे कागद (रेघी नकोत, परीक्षेची आठवण होते), पेन्सिल, जाड काळा मार्कर आणि एखाद्या जुन्या परिपत्रकाची मोठ्या अक्षरांतली झेरॉक्स. परिपत्रक ५ ते १० ओळींचं, निदान दोन वर्षं जुनं, आणि कोणाच्याही निलंबनाशी किंवा चौकशीशी संबंध नसलेलं असावं. ज्यांना लिहायला जड जातं त्यांच्यासाठी एक लेखनिक हवा. तो बाहेरचा असावा, त्याच विभागातला नव्हे. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर त्याची संमती वेगळी घ्यावी लागते.

संमतीचा कागद

एक पान, मोठी अक्षरं, साधं मराठी. एकाच सहीत सगळं उरकू नका. चार प्रश्न वेगवेगळे विचारा: मी लिहिलेलं गटात वाचायला माझी हरकत नाही का, ते संयोजकानं जवळ ठेवलं तर चालेल का, अहवालात किंवा लेखात त्यातल्या ओळी घेता येतील का, आणि घेतल्या तर नावानं, टोपणनावानं की निनावी. शेवटी तारीख द्या: अमुक तारखेपर्यंत सांगितलंत तर तुमचा कागद परत मिळेल आणि वापरला जाणार नाही. साधारण ३० दिवस ठेवावेत. बरेच जण सत्राच्या उत्साहात हो म्हणतात आणि आठवड्यानं त्यांना धाकधूक वाटू लागते.

गुप्ततेची मर्यादाही तिथंच सांगून टाका. गटातल्या दहा जणांनी बाहेर काही बोलू नये अशी विनंती करता येते, हमी देता येत नाही.

सत्र: दोन तास

पहिली पंधरा मिनिटं ओळख. पदनाम न सांगता, ‘सकाळी आल्यावर माझा हात पहिल्यांदा कशाला लागतो’ एवढंच प्रत्येकानं सांगायचं. मस्टर, बायोमेट्रिक यंत्र, कुलूप, गॅसचा नळ, संगणकाची कळ. दुसरं कुठलंच प्रास्ताविक लागत नाही.

मग परिपत्रक. मार्कर घेऊन नको ते शब्द काळे करायचे, उरलेले शब्द आहे त्याच क्रमानं वाचायचे. नवा शब्द घालायचा नाही, क्रम बदलायचा नाही. वीस मिनिटं द्या. नमुना म्हणून हे परिपत्रक घ्या:

‘सर्व विभागांना कळविण्यात येते की, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी सकाळी ठीक ९.४५ वाजता आपल्या ठिकाणी उपस्थित राहावे. अनुपस्थित कर्मचाऱ्यांची नोंद घेण्यात येईल.’

काळं करून उरतं ते असं:

सर्व
आपल्या ठिकाणी
अनुपस्थित
नोंद घेण्यात येईल

हा व्यायाम सुरुवातीला ठेवायचं कारण असं की यात कोणालाही ‘सुचावं’ लागत नाही. शब्द सरकारी, जबाबदारी सरकारी, निवड तेवढी आपली. काही जण पूर्ण कागद काळा करतात. करू द्या. तेही उत्तरच आहे. फक्त ‘का’ असं सगळ्यांसमोर विचारू नका.

यानंतर स्वतःचं लेखन, ३५ ते ४० मिनिटं. ‘आपलेपणावर कविता लिहा’ असा विषय द्यायचा नाही. भाववाचक नाम दिलं की भाववाचक नामंच परत येतात: स्नेह, जिव्हाळा, ऋणानुबंध. विषय हाताला लागेल असा हवा. खालचे प्रश्न बऱ्यापैकी चालतात, यातला एकच निवडायला सांगा:

माझ्याकडे कोणती किल्ली आहे आणि कोणती नाही?
माझं नाव या आवारात कुठं कुठं लिहिलेलं आहे?
मी रजेवर असलो की काय अडतं?
मला कोण कोणत्या नावानं हाक मारतं?
जेवणाचा डबा मी कुठं, कोणाबरोबर उघडतो?

शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण डबा कोण कुठं खातं यात जात, पद, कायम-कंत्राटी असं सगळं येतं. नव्या गटात तो पहिल्याच दिवशी देऊ नये.

रूपाचं काय? मुक्तछंद म्हणजे सोपं असा समज आहे. नवख्याला उलट चौकट दिली की धीर येतो. ज्यांच्या कानावर भजन आहे त्यांना मोठ्या अभंगाचं माप द्या: चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. मात्रा नव्हे, अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. नमुना म्हणून रचलेला हा एक पाहा:

किल्ली माझ्या हाती । दार उघडतो ।
दिवे मी लावतो । नाव नाही ॥

बोटांवर मोजून घ्या, ६-६-६-४ भरतात. चौथा चरण आखूड असल्यामुळे माणसाला शेवटी थोडक्यात बोलावंच लागतं, आणि खरी गोष्ट बरेचदा तिथंच येते. माप चुकलं तर दुरुस्त करत बसू नका. शुद्धलेखनाला तर हातही लावू नका. ‘व्हतं’चं ‘होतं’ केलंत की लिहिणाऱ्याला कळतं, हेही साहेबांच्याच भाषेत चालणार आहे.

हमखास बिघडतं ते इथं. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवरची चारोळी उतरवून देतं, तर कोणी कुलगुरूंवर स्तुतिपर कवन लिहितं. दोन्ही वेळा कागद ठेवून घ्या आणि एकच उपप्रश्न द्या: ‘यात तुम्ही कुठं बसलेले आहात?’ पुढच्या कागदावर काहीतरी वेगळं येतं. न आलं तरी ताणू नका. जो स्तुती लिहितो त्याला बहुधा गप्प राहण्यापेक्षा तेच सुरक्षित वाटत असतं. गटातला विनोदी माणूस विडंबन लिहील, त्याला जरूर लिहू द्या. विडंबनात कार्यालयाचं वर्णन सर्वांत नेमकं असतं.

उरलेला वेळ वाचनाचा. नियम दोन: टाळ्या-वाहवा नाही, आणि सल्ला नाही. एकानं वाचलं की ऐकणाऱ्यांनी त्यातला डोक्यात राहिलेला एक शब्द फक्त परत म्हणायचा. ‘कुलूप.’ ‘मस्टर.’ ‘मॅडम.’ दहा जणांना ४० मिनिटं लागतात. वाचायचं नसेल त्यानं घडी घालून कागद खिशात ठेवला तरी चालतं, हे आधी सांगा.

मुलाखतीतून ‘मी’ कविता

सगळ्यांना लिहिणं जमत नाही, आवडतही नाही. त्यांच्याशी ३०-४० मिनिटं गप्पा मारून त्या बोलण्यातूनच कविता काढता येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ऐकण्याच्या पद्धतीत हा एक टप्पा आहे: मुलाखत शब्दशः उतरवायची, ‘मी’ आणि त्याचं क्रियापद जिथं जिथं येईल तिथं अधोरेखित करायचं, आणि तेवढेच तुकडे त्याच क्रमानं एकाखाली एक लिहायचे. एक तासाचं बोलणं हातानं उतरवायला ४ ते ६ तास लागतात, तेव्हा एका फेरीत पाचाहून जास्त मुलाखती ठरवू नका.

इंग्रजीसाठी बेतलेली ही रीत मराठीला जशीच्या तशी बसत नाही. आपण ‘मी’ वारंवार गाळतो, ‘मला वाटतं’ म्हणतो, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून ‘आम्ही’, आत घेऊन ‘आपण’. आपलेपणा शोधायला निघालेल्याला याहून सोयीची खूण मिळणार नाही. म्हणून ‘मी’बरोबर मला, माझं, आम्ही, आपण आणि ‘ते’, ‘वरचे’, ‘साहेब लोक’ हे सगळंच टिपा. कल्पित उदाहरण घेऊ:

‘आता मी काय सांगू, परीक्षा विभागातच गेली सगळी वर्षं. आम्ही पेपर लावतो, गठ्ठे बांधतो. निकाल लागला की फोटोत ते असतात. मला बोलावतात, म्हणजे खुर्च्या लावायला. तसं आपलंच आहे सगळं.’

यातून निघतं:

मी काय सांगू
आम्ही लावतो
बांधतो
ते असतात
मला बोलावतात
आपलंच आहे सगळं

तिसरी ओळ पाहा. ‘बांधतो’ हे पुरुष बोलत असेल तर ‘मी’चंही असू शकतं आणि ‘आम्ही’चंही. तुम्ही ठरवायचं नाही, त्यांना विचारायचं. शेवटचं ‘आपलंच’ मनापासून आहे की खोचक, हेही कागद सांगत नाही, स्वर सांगतो. म्हणून उतरवताना कडेला स्वराची नोंद करा: हसून, थांबून, हात उडवून. तयार कविता घेऊन त्या माणसाकडे परत जा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. ‘हे मी असं म्हटलंच नव्हतं’ असं उत्तर आलं तर त्यांचं म्हणणं अंतिम.

वाचायचं कसं

पन्नासेक कागद जमले की गुण द्यायची आणि ‘आपलेपणाचा निर्देशांक’ काढायची घाई होते. इतक्या थोड्या आणि इतक्या वेगळ्या कागदांवरून टक्केवारी काढणं म्हणजे प्रश्नावलीच्या खड्ड्यात परत जाणं. प्रत्येक कविता तीनदा वाचा. पहिल्यांदा फक्त वस्तू आणि जागा टिपा. दुसऱ्यांदा सर्वनामं: ‘आपण’वरून ‘आम्ही’वर गाडी कुठं येते आणि त्या आधी काय घडलेलं असतं. तिसऱ्यांदा कर्त्याशिवायची वाक्यं: ‘सांगण्यात आलं’, ‘बसवलं गेलं’, ‘नाव राहून गेलं’. ज्याचा कर्ता लिहिलेला नाही ते कोणी केलं हे लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक असतं.

शक्य असेल तर हे वाचन लिहिणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना सोबत घेऊन करा. प्राध्यापक संशोधकाला ‘एक कुटुंब’ हा शब्द उबदार वाटतो, रोजंदारीवरचा माणूस लगेच विचारतो, कुटुंबात मग पंगतीला कोण आणि वाढायला कोण.

तक्रार निघाली तर

कधीतरी कवितेतून छळ बाहेर येतो. गटात त्यावर चर्चा सुरू करू नका. सत्रानंतर त्या व्यक्तीशी एकट्यानं बोला आणि पर्याय सांगा. लैंगिक छळाची लेखी तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मुदत वाढवता येते, त्यामुळे ‘अहवाल झाल्यावर पाहू’ म्हणून चालत नाही. सेवाविषयक बाब असेल तर तक्रार निवारण समिती आणि कर्मचारी संघटना आहेत. त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय तिच्या वतीनं तुम्ही कुठंही जायचं नाही. आणि कविता म्हणजे तक्रार अर्ज नव्हे, तो वेगळा, तारखा-साक्षीदारांसह लिहावा लागतो.

कागद कुठं ठेवायचे, कोणाला दाखवायचे

मूळ कविता टिपणीला जोडू नका. फाइलला लागलेला कागद कार्यालयीन दस्तऐवज होतो, तो टेबलाटेबलांवरून फिरतो आणि माहिती अधिकारात मागितलाही जाऊ शकतो. मूळ प्रती लिहिणाऱ्याला परत द्या, तुमच्याकडे नाव काढलेली प्रत ठेवा. निव्वळ नाव काढून भागत नाही. ज्या विभागात एकच महिला प्रयोगशाळा परिचर आहे तिथं ‘गॅसचा नळ’ आणि ‘साडीचा पदर’ एकत्र आले की सगळ्यांना कळतं. बोलीनंही माणूस ओळखू येतो: कोल्हापूरच्या कार्यालयात ‘करून राह्यलो’ लिहिणारे किती असणार? बोली बदलायची की ती कविता अहवालात घ्यायचीच नाही, हे लिहिणाऱ्यानं ठरवावं.

प्रशासनाला द्यायचा अहवाल दोन पानांचा पुरतो. संमती मिळालेल्या चार-पाच ओळी, आणि प्रत्येकीखाली त्यातून निघणारी एक करता येण्याजोगी गोष्ट: विभागाच्या पाटीवर सीएचबी शिक्षकांची नावं, कंत्राटी कर्मचाऱ्यांना ग्रंथालयाचं कार्ड, परिचरांना डबा खायला जागा, निकालाच्या बातमीत गठ्ठे बांधणाऱ्या विभागाचा उल्लेख. यातल्या निम्म्या गोष्टींना पैसे लागत नाहीत, आदेश लागतो. वेतन आणि कायम होण्याचा प्रश्नही कवितांत येणारच. तो ‘भावनिक’ म्हणून बाजूला काढू नका, तसाच लिहा.

अहवाल आवडला तर तुम्हाला सांगण्यात येईल की यातल्या कविता वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत छापू, किंवा नॅकच्या अहवालाला जोडू. त्यासाठी आधीची संमती चालत नाही. प्रत्येक कवितेसाठी लिहिणाऱ्याची नवी सही घ्या, छापील मजकूर त्याला आधी दाखवा, आणि ज्याची सही आली नाही त्याची कविता यादीतून काढून यादी पाठवा.